थकबाकी

तुर्भ्याच्या कांदा-बटाटा बाजारात
चौतीस वर्षं मी दुसऱ्यांचे कांदे वहीत लिहिले.
एका संध्याकाळी एकशे सोळा गोणींच्या मागे
मूठभर करडं काहीतरी शिंकलं.
डब्याच्या पिशवीत घालून
मी ते कोपरखैरण्याला आणलं.

हेमलता म्हणाली, एक रात्र.
एकच. आणि तीही गॅलरीत.
येत्या दिवाळीत त्या रात्रीला
तेरा वर्षं होतील.

नाव ठेवलं थकबाकी,
कारण वसूल काहीच होत नव्हतं,
आकडा तेवढा फुगत होता.
दोन वर्षांनी तिला पावती झाली.
पावतीची तीन भावंडं आम्ही पाया पडून खपवली.
त्यातलं एक तळमजल्यावरच्या कुट्टींना दिलं.
कुट्टी अजून माझ्याशी बोलत नाहीत.

वाशीच्या डॉक्टरांनी विचारलं, पेशंटचं नाव?
थकबाकी, म्हटलं.
त्यांनी फी आधी मागितली.

आम्ही दोघंही देशावरचे,
मासळी म्हणजे सुकट, तीही आजारपण उतरल्यावर.
आता बुधवारी दिवाळ्याची सुगंधी येते,
तिची पाटी दुसऱ्या मजल्यावर असते
तेव्हा चौथ्यावर आमच्या दाराला नखं लागलेली असतात.
'तुजे मांजरीला बोंबील नको रं, मांदेलीच पायजे,'
सुगंधी मला सांगते, जसं काही मीच चुकलोय.
हेमलता काटे काढायला शिकली.
मांजरींच्या वाटीतले.
माझ्या वाटीत ते असतात अजून.

घरात धड खुर्ची एक, वेताची, सासऱ्यांनी दिलेली.
तिच्यावर मी तीन महिने बसलो असेन.
मग एके दिवशी थकबाकी समोर येऊन उभी राहिली
आणि घरमालक एक तारखेला बघतो
तशी बघत राहिली.
मी उठलो.
तेव्हापासून स्टूल.

ऋजुताला बघायला जुन्नरहून मंडळी आली
तेव्हाही मी स्टुलावर.
पोहे फिरले. मुलाचा पगार फिरला.
मुलाची आई म्हणाली, घर कसं शांत आहे हो तुमचं,
आणि त्याच क्षणी थकबाकी आतून आली,
तोंडात पाल,
मागून पावती,
तोंडात त्याच पालीचं शेपूट, वळवळतं.
दोघींनी रांगेत येऊन
बाईंच्या पावलांवर आहेर ठेवला.

बाई सोफ्यावर उभ्या. साडीसकट, बशीसकट.
मुलाचे वडील जिन्यात.
हेमलता मला शोधत होती, मारायला.
मुलाने मात्र पोहे संपवले,
बशी उलटी करून पाल झाकली,
खाली वर्तमानपत्र सरकवलं,
आणि गॅलरीतून परत येत विचारलं,
'यांना उचकी लागली तर काय देता?'
ऋजुता म्हणाली, चालेल.
कशाला चालेल, ते आम्ही नंतर विचारलं.

सेक्रेटरी धामणस्करांच्या नोटिसा चार.
विषय: जिन्यातील केस.
चारही फाईलला लावल्यात,
पाचवी आली नाही.
गेल्या आश्विनात रात्री पावणेदोनला
मी आणि हेमलता एक खोकं घेऊन खाली उतरलो,
तर हा माणूस टॉर्च घेऊन आधीच उभा,
खाडीकडच्या शेवग्याखाली खड्डा खणून.
म्हणाला, तिथे दगड फार होते.
एवढंच म्हणाला.

खुर्ची आहे तिथेच आहे.
कोणी पाहुणा टेकायला गेला की आमच्या दोघांच्या तोंडून
एकदम निघतं, 'तिथे नको.'
वेत तुटलाय म्हणून सांगतो.
वेत ठणठणीत आहे.

मला वाटलं होतं आता पावती बसेल तिच्यावर,
वारसाहक्काने.
तिने खुर्ची एकदा हुंगली,
चारही पाय हुंगले,
आणि येऊन बसली माझ्या स्टुलावर.

मी उभा आहे.